पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, सुरुवातीची स्टेज: दुर्बिणीतून करायचं की पोट उघडून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हा प्रश्न साधारण असा येतो : "डॉक्टर म्हणतात पोट उघडायला लागतंय. शेजारच्या वहिनीची पिशवी तर तीन भोकांतून काढली आणि तिसऱ्या दिवशी घरी. मग आमच्याच अक्काला का एवढं फाडायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल, गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल आणि रॅडिकल हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय आजूबाजूच्या भागासकट काढायचं मोठं ऑपरेशन, करायची ठरली असेल, तर पोट उघडून करणारा सर्जन शोधा. दुर्बिणीला जागा आहे, पण ती लहान आहे आणि तिच्या अटी आहेत. त्या पुढे सांगते. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून नोकरी केली आणि दोन्ही पद्धतींची ऑपरेशनं टेबलाशेजारी उभी राहून पाहिली.

शेजारच्या वहिनीचा दाखला इथे लागू का पडत नाही, ते आधी बघू. तिला बहुधा फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, असणार किंवा अंगावरून जास्त जात असणार. तिची साधी हिस्टरेक्टॉमी झाली. गर्भाशय सुटं करून काढलं, संपलं. कुणाच्या चुलतीला गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होता आणि दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन ती ठणठणीत आहे, असंही ऐकायला मिळतं. तेही खरं असतं. त्या कॅन्सरला दुर्बीण चालते. अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते दिसून आलं आहे. पण अस्तराचा कॅन्सर आणि तोंडाचा कॅन्सर हे दोन वेगळे आजार. एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. रिपोर्टवर 'सर्व्हिक्स' (तोंड) लिहिलंय की 'एंडोमेट्रियम' (अस्तर), हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या.

रॅडिकल हिस्टरेक्टॉमी हे मोठं काम आहे. गर्भाशयासोबत त्याच्या दोन्ही बाजूंचा आधाराचा ऊतींचा पट्टा, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढतात. त्या पट्ट्यातूनच किडनीकडून मूत्राशयाकडे येणारी नळी जाते. ती इजा न करता सोडवायची असते, आणि ऑपरेशनचे निम्मे तास त्यातच जातात. व्हिएन्नात सर्जन व्हर्टहाइम यांनी १८९८ मध्ये ही शस्त्रक्रिया पोटातून करायला घेतली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. पुण्यातल्या सर्जनांनी २००७ मध्ये 'पुणे टेक्निक' म्हणून आपल्या २४८ रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. त्या काळात आम्हा सगळ्यांनाच वाटायचं की आता पोट उघडायचे दिवस संपले. रक्त कमी जातं, टाके लहान, रुग्ण लवकर उठून बसतो. कॅन्सर परत येतो की नाही हे मात्र दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून कुणी मोजलं नव्हतं.

मोजलं तेव्हा काय निघालं

ही मोजणी 'लॅक' नावाच्या चाचणीत झाली. जगभरातल्या ३३ केंद्रांत मिळून ६३१ बायका घेतल्या, आणि कुणाचं ऑपरेशन कसं करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. ३१९ जणींचं दुर्बिणीतून किंवा रोबोटने, ३१२ जणींचं पोट उघडून. खरं तर ७४० जणी घ्यायच्या होत्या. पण दुर्बिणीच्या गटात आजार जास्त परत येतोय आणि मृत्यूही जास्त होताहेत, हे देखरेख समितीला दिसलं, आणि २०१७ मध्ये नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. निकाल २०१८ मध्ये छापून आला. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के.

एवढ्यावर कुणी म्हणेल की चाचणी मधेच थांबवली, आकडे कच्चे असतील. अंतिम विश्लेषण २०२४ मध्ये आलं. आजारमुक्त बायका ९६ टक्के विरुद्ध ८५. जिवंत असलेल्या ९६.२ टक्के विरुद्ध ९०.६. म्हणजे शंभर जणींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, तर पोट उघडून केलेल्या शंभरांपेक्षा साडेचार वर्षांत पाच-सहा जणी जास्त दगावतात. हा असा आजार आहे की जो सुरुवातीला पकडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. म्हणून तर हा फरक जास्त सलतो.

दुर्बिणीच्या बाजूचे सर्जन यावर जो आक्षेप घेतात तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, चाचणीतले सर्जन पुरेसे अनुभवी नव्हते. पण भाग घेण्याआधी प्रत्येक केंद्राला किमान दहा रुग्णांचा हिशोब आणि काटछाट न केलेले दोन व्हिडिओ द्यावे लागले होते. दहा म्हणजे फार नाहीत, हे मलाही मान्य. पण मग आपल्या गावच्या सर्जनने किती केल्यात, हा प्रश्न तेवढ्याच जोराने विचारायला हवा. दुसरं, त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींवरून २,४६१ बायकांचा वेगळा अभ्यास झाला. त्यात चार वर्षांत दुर्बिणीच्या गटात ९.१ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात ५.३ टक्के मृत्यू आढळले. स्वीडन आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत मात्र रोबोट आल्यावर निकाल बिघडलेले दिसले नाहीत, हेही सांगायला हवं. तिथे ही ऑपरेशनं मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतात. आपल्याकडे तशी शिस्त नाही.

फरक कुठून येतो

दुर्बिणीच्या ऑपरेशनला रुग्णाचे पाय स्टँडवर बांधून टेबल डोक्याकडे खाली झुकवतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. मग खालच्या बाजूने योनीतून मॅनिप्युलेटर घालतात. ही हातभर लांबीची सळई असते, टोकाला कप. तिचं टोक गर्भाशयमुखातून आत जातं आणि कप तोंडावर चपखल बसतो. पायांमध्ये बसलेला असिस्टंट ती सळई वर ढकलतो, डावीकडे-उजवीकडे वळवतो, म्हणजे वरच्या सर्जनला पडद्यावर जागा दिसते. फायब्रॉइडला हे उत्तम. पण इथे गाठ नेमकी त्या तोंडावरच आहे. सळई गाठीतून जाते आणि तासन्तास ती हलत राहते. शेवटी योनी आतूनच कापतात, तेव्हा गाठीचा उघडा भाग गॅस भरलेल्या पोटात मोकळा होतो.

पोट उघडून करताना गर्भाशय वरून, दोन्ही कोपऱ्यांना लांब क्लॅम्प लावून उचलतात. गाठीला हात लागत नाही. शेवटी गाठीच्या खाली योनीला काटकोनी क्लॅम्प लावून ती बंद करतात आणि त्याच्या खालून कापतात. गाठ झाकलेल्या पिशवीतच बाहेर येते. व्हर्टहाइम क्लॅम्प म्हणतात तो हाच.

कारण नक्की हेच, असं सिद्ध झालेलं नाही. पण खुणा त्याच दिशेने जातात. युरोपातल्या 'सकॉर' अभ्यासात मॅनिप्युलेटर वापरलेल्या बायकांत आजार परत येण्याचा धोका पोट उघडून केलेल्यांच्या तुलनेत सुमारे पावणेतीनपट निघाला. मॅनिप्युलेटर वापरला नाही, किंवा योनी आधी खालून शिवून गाठ झाकून घेतली, तिथे तो फरक ठामपणे दिसला नाही. लॅकच्या अंतिम विश्लेषणात आजार परतलेल्यांपैकी पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेला कॅन्सर दुर्बिणीच्या गटात २३ टक्क्यांना होता, पोट उघडलेल्या गटात एकालाही नाही.

दुर्बीण काय देते

फायदे खोटे नाहीत. रक्त कमी जातं. जखम लहान, म्हणून ती पिकण्याची भीती कमी. साखर असलेल्या किंवा जाड बाईला याचा मोठा फरक पडतो. पुढे हर्निया होण्याची शक्यता कमी. दवाखान्यातला मुक्काम कमी. थिएटरबाहेर एका नवऱ्याने मला विचारलं होतं, "सिस्टर, दुर्बिणीतून झालं तर पंधरा दिवसांत भांगलणीला जाईल नव्हं?" खानापूरकडे भाताच्या दिवसांत बाई दोन महिने घरात बसली तर काय होतं, ते त्याला माहीत होतं. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला तर बसूनच काम, पण हजार विड्यांवर मजुरी. काम बंद तर पैसा बंद.

पण पंधरा दिवसांत भांगलण कोणत्याच पद्धतीने होत नाही. आत केलेली कापाकापी दोन्हीकडे तेवढीच असते. वरचे टाके लहान, म्हणून आतली जखम लहान होत नाही. जड उचलणं, पाण्याच्या घागरी, धुण्याची बादली, हे सहा ते आठ आठवडे दोन्हींत बंद. आणि गंमत म्हणजे लॅकमध्ये बायकांना जगण्याच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनीही दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीही जवळपास सारख्या : दुर्बिणीत ५४ टक्के, उघड्यात ४८. 'दुर्बीण म्हणजे हलकं' हा समज इथे टिकत नाही.

ज्या त्रासांनी बायका खरोखर मेटाकुटीला येतात ते जखमेच्या लांबीवर अवलंबूनच नाहीत. बाजूचा पट्टा काढताना मूत्राशयाच्या नसा दुखावतात, म्हणून लघवीची नळी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे ठेवावी लागते. नळीसकट घरी पाठवतात. नळी काढल्यावर लघवी झाल्याची भावनाच येत नाही, घड्याळ बघून जावं लागतं. ग्रंथी काढल्याने पाय सुजतात, कधी महिन्यांनंतर. योनी थोडी आखूड होते, संबंधांच्या वेळी दुखतं. हे नवऱ्यासमोर बोलायला बाई लाजते आणि डॉक्टरही राउंडमध्ये विषय काढत नाहीत. ऑपरेशनच्या आधी स्वतःहून विचारा. तरुण बाई असेल आणि गाठ स्क्वॅमस (तोंडाच्या वरच्या सपाट पेशींपासून झालेली) असेल तर अंडाशय ठेवता येतात, म्हणजे अचानक पाळीबंद होत नाही. हेही आधीच बोलायचं, कारण टेबलावर झोपल्यावर विचारता येत नाही.

दुर्बीण कुठे चालेल

कोनायझेशन करून, म्हणजे तोंडाचा शंकूसारखा तुकडा काढून, तपासलं आणि कडा स्वच्छ आल्या, दिसणारी गाठ राहिलीच नाही, तर चित्र बदलतं. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शनात दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कोनायझेशनमध्ये पूर्ण निघालेल्या गाठीसाठी अनुभवी केंद्रात दुर्बीण विचारात घ्यायला जागा ठेवली आहे. पण रुग्णाला वरचे आकडे सांगून, मगच.

त्याहून महत्त्वाची बातमी २०२४ ची आहे आणि ती फारशी पोहोचलेली नाही. 'शेप' नावाच्या चाचणीत ७०० बायका होत्या, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि खोलवर न गेलेली. निम्म्यांची रॅडिकल, निम्म्यांची साधी हिस्टरेक्टॉमी केली, दोन्हींत ग्रंथी तपासल्या. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परत येण्याचं प्रमाण रॅडिकलमध्ये २.१७ टक्के, साध्यात २.५२. म्हणजे सारखंच. लघवीचा त्रास मात्र साध्यामध्ये कमी. त्यात बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून किंवा रोबोटने झाली होती. म्हणून गाठ फार लहान असेल तर 'दुर्बीण की उघडून' विचारण्याआधी 'रॅडिकल लागतंय का' हे विचारा. मूल हवं असेल तर गर्भाशय राखणारे उपायही याच गटात येतात.

इथे एक खड्डा आहे. लॅकमधली 'स्टेज १बी१' म्हणजे चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ. २०१८ नंतर स्टेज बदलल्या, आता १बी१ म्हणजे दोनपेक्षा कमी, आणि दोन ते चार झाली १बी२. नवा रिपोर्ट घेऊन जुना आकडा लावायचा, किंवा उलट, असं होतं. स्टेजचं नाव सोडा, सेंटिमीटर विचारा.

रोबोटबद्दल मोठ्या दवाखान्यांच्या जाहिराती दिसतात. लॅकमध्ये दुर्बिणीच्या गटातल्या साधारण सोळा टक्के जणींचं काम रोबोटने झालं होतं. तेवढ्यावरून रोबोट चांगला किंवा वाईट ठरत नाही. रोबोट म्हणजे सर्जनचा हात जास्त बारीक वळतो. गॅस, मॅनिप्युलेटर आणि आतून कापलेली योनी तीच राहते, सर्जनने मुद्दाम बदल केला नाही तर. माझं मत : जास्तीचे पैसे भरण्यासाठी हे कारण पुरत नाही.

ऑपरेशनच नको, असंही असू शकतं

गाठ चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, बाजूच्या पट्ट्यात पसरलेली, किंवा एमआरआयमध्ये ग्रंथी सुजलेल्या, तर ऑपरेशन आधी करून मग रेडिएशन देणं हा दुहेरी मार आहे. दोन्हींचे त्रास अंगावर येतात, फायदा वाढत नाही. तिथे सुरुवातीपासूनच रेडिएशन आणि सोबत केमो. टाटा मेमोरियलच्या २०१८ च्या चाचणीतही आधी केमो देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा हीच वाट सरस ठरली. लहान गाठीतही रेडिएशन ऑपरेशनच्या तोडीचं असल्याचं १९९७ मध्ये इटलीतल्या चाचणीत दिसलं होतं. वयस्कर, हृदय कमजोर असलेल्या बाईसाठी ते लक्षात ठेवा.

उलटं संकट आमच्याकडे जास्त दिसतं. तालुक्याच्या ठिकाणी अंगावरून जातंय म्हणून तपासणी न करता पिशवी काढून टाकतात, आणि पंधरा दिवसांनी पॅथॉलॉजीच्या कागदावर कॅन्सर निघतो. साधी हिस्टरेक्टॉमी झालेली, स्टेज माहीत नाही, पुढे रेडिएशन नाहीतर पुन्हा ऑपरेशन. पाळी गेल्यावर रक्त, संबंधांनंतर रक्त, दुर्गंधीचं पाणी, असं काही असेल तर पिशवी काढायला संमती देण्याआधी तोंडाची तपासणी आणि बायोप्सी झाली का, एवढंच विचारा.

कुठे जायचं

बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल ३ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालं. सरकारी दवाखाना म्हणजे बिम्स, बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा. हुबळीला नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर आणि मिरज जवळ, मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. शेवटी बेंगळूरचं किदवई आणि परळचं टाटा. नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. कॅन्सरचंच स्त्रीरोग ऑपरेशन करणारा सर्जन, शेजारी रेडिएशनचं मशीन आणि स्वतःची पॅथॉलॉजी, या तीन गोष्टी एका छताखाली कुठे आहेत ते बघा. ऑपरेशन परळला करून रेडिएशन बेळगावात घ्यायचं ठरवता येतं, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आधी बोलणं व्हायला हवं.

पैशांचं गणित सीमेवर जरा वाकडं आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखापर्यंत. त्यासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. खासगीत थेट गेलात तर क्लेम अडकतो. महाराष्ट्राने ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली, २०२३ मध्ये त्यावरून कर्नाटक सरकारशी जुंपली. राजकारण काहीही असो, कोल्हापूर-मिरजेला जायचं असेल तर दवाखान्याच्या योजनेच्या खिडकीवर आपल्या गावाचं नाव आणि रेशनकार्ड दाखवून आधी विचारा, ऍडमिट झाल्यावर नाही. पोट उघडून करायला महागडी एकदाच वापरायची उपकरणं लागत नाहीत, म्हणून पॅकेजमध्ये ते सहज बसतं. दुर्बीण किंवा रोबोट असेल तर 'पॅकेजबाहेर किती' हे लेखी घ्या. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही. हुबळीला फेऱ्या मारायच्या असतील तर त्याचा आधार होतो, सोबतच्या पुरुषाचं तिकीट तेवढं धरा.

संमतीपत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतं. सही करण्याआधी कुणाला तरी मराठीत वाचायला लावा. सर्जनला हे विचारा : गाठ किती सेंटिमीटर, एमआरआय कोणी वाचला? वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? दुर्बिणीतून करणार असाल तर मॅनिप्युलेटर वापरणार का, योनी आधी खालून बंद करणार का, आणि लॅक चाचणीनंतरही माझ्यासाठी हेच का? चांगला सर्जन चिडत नाही. उलट कागद घेऊन आकृती काढतो. चिडलाच, तर दुसरं मत घ्या, आणि जाताना नुसता रिपोर्ट नव्हे तर बायोप्सीच्या मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात काढलेला तुकडा जपून ठेवतात) मागून न्या. लॅबमध्ये अर्ज दिला की ते मिळतात, पण आज मागून आज मिळत नाहीत. नवा दवाखाना आपल्या लॅबमध्ये ते पुन्हा तपासल्याशिवाय ऑपरेशनला हात घालणार नाही, आणि त्या थांबण्यात एक आठवडा जातो, तो धरूनच मुंबईचं तिकीट काढा.